पोर्शे ९११ : जुनी ९९३ घ्यावी की नंतरची ९९६?

या वेळी कोल्हापूर आणि परिसरातून आलेली बरीच पत्रे एकाच गाडीविषयी आहेत, म्हणून हे सदर पूर्णपणे तिलाच दिले आहे. पोर्शे ९११ ही मोटार १९६४ पासून त्याच नावाने विकली जात आहे. तिच्या पिढ्या मात्र कंपनीच्या अंतर्गत क्रमांकांनी ओळखल्या जातात. ९९३ ही पिढी १९९३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि १९९८ पर्यंत बनली. ९९६ ही त्याच प्रदर्शनात १९९७ मध्ये आली आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत चालली. पहिलीचे इंजिन हवेने थंड होते, दुसरीचे पाण्याने. सगळा वाद या एका फरकाभोवती फिरतो आहे.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फौंड्री व्यावसायिक विचारतात: माझे चिरंजीव काही वर्षांपासून स्टुटगार्टजवळ नोकरीला आहेत. त्यांना तिथेच वापरण्यासाठी जुनी ९११ घ्यायची आहे. चांगली ९९६ त्यांच्या आवाक्यात आहे, पण ९९३ घ्यायची तर कर्ज काढावे लागेल. मित्रमंडळींचे म्हणणे असे की ९९३ ही शेवटची खरी ९११ असून ९९६ घेण्यापेक्षा थांबलेले बरे. कर्ज काढण्याइतका फरक या दोन गाड्यांत खरोखर आहे का?

उत्तर: कर्ज काढू नये. चिरंजीवांनी नीट राखलेली आणि देखभालीची कागदपत्रे पूर्ण असलेली ९९६ घ्यावी, आणि वाचलेल्या रकमेतला काही भाग इंजिनाच्या एका विशिष्ट कामासाठी बाजूला ठेवावा. ते काम कोणते, हे पुढच्या एका उत्तरात सविस्तर दिले आहे.

९९३ महाग का आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आज युरोपात साध्या ९९३ कॅरेराला (कॅरेरा म्हणजे ९११ ची मूळ आवृत्ती) साध्या ९९६ कॅरेराच्या दुपटीहून बरीच अधिक किंमत पडते, आणि त्यामागे मुख्यतः दोन कारणे आहेत. एक म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची परंपरा तिच्याबरोबर संपली, त्यामुळे तिच्यानंतर त्या प्रकारची दुसरी ९११ मिळणार नाही. दुसरे म्हणजे ती मुळात कमी बनली: ९९३ सुमारे ६८,००० आणि ९९६ सुमारे १,७५,०००. दोन्ही कारणे संग्राहकाच्या दृष्टीने पूर्ण रास्त आहेत. परंतु ज्याला गाडी रविवारी काढून ब्लॅक फॉरेस्टच्या वळणांवर चालवायची आहे, त्याच्या दृष्टीने त्यांचे वजन फारसे नाही.

चालण्याच्या बाबतीत आकडे ९९६ च्या बाजूने आहेत, हे मान्य करावेच लागते. सुरुवातीच्या ९९३ चे ३.६ लिटरचे इंजिन २७२ अश्वशक्ती देत असे आणि पुढे हवा आत घेण्याच्या नळ्यांची लांबी बदलणारी व्हॅरिओरॅम यंत्रणा आल्यावर ती २८५ झाली, तर पहिल्या ९९६ चे ३.४ लिटरचे, म्हणजे लहान इंजिन ३०० अश्वशक्ती देते. ९९६ ही ९९३ पेक्षा १८५ मिलिमीटरने लांब आहे. तरीही कंपनीच्या आकड्यांनुसार तिचे वजन १,३२० किलो, तर ९९३ चे १,३७० किलो. गाडी मोठी करून ती ५० किलोने हलकी करणे किती अवघड असते, हे कास्टिंगच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्या व्यावसायिकाला वेगळे सांगायला नको. हवेला होणारा विरोध दाखवणारा गुणांकही ०.३३ वरून ०.३० वर आला. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ९९३ ला ५.६ सेकंद लागत, ९९६ ला ५.२ लागतात.

"खरी ९११" हा मित्रांचा शब्दप्रयोग मला मान्य नाही, आणि त्याचे कारण कंपनीच्या त्या काळच्या परिस्थितीत आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पोर्शेची विक्री इतकी खालावली होती की कंपनी स्वतंत्र राहील की नाही याचीच शंका होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रे हाती घेतल्यावर टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले, साठा आणि वाया जाणारा वेळ कमी केला, आणि बॉक्स्टर ही स्वस्त गाडी आणि नवी ९११ ही दोन्ही एकत्र आखायला लावली. म्हणूनच १९९६ ची बॉक्स्टर आणि ९९६ यांचा पुढचा भाग, दारे, आतील बरीच मांडणी आणि इंजिनाचा मूळ आराखडा सामायिक आहे. लाखो रुपये जास्त मोजणाऱ्या ग्राहकाला आपल्या गाडीचे तोंड स्वस्त गाडीसारखे दिसणे रुचले नाही, हे स्वाभाविकच होते. पण त्या काटकसरीतून आलेल्या पैशावर कंपनी उभी राहिली आणि ९११ पुढेही बनत राहिली. जिने वंश वाचवला तिलाच वंशाबाहेर काढणे मला अन्यायाचे वाटते.

याचा अर्थ ९९३ चे कौतुक उगाच होते असा मुळीच नाही. मागील चाकांच्या आधीच्या साध्या रचनेऐवजी तिला अनेक दांड्यांची नवी सस्पेन्शन मिळाली, आणि वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा ९११ चा जुना दोष त्यामुळे बराच आवाक्यात आला. टोनी हॅटर यांनी घडवलेले तिचे भरलेले मागचे मडगार्ड आणि उतरते दिवे आजही नजर धरून ठेवतात, आणि तिचे दार बंद करताना जो जड, धातूचा खटका ऐकू येतो तो ९९६ मध्ये नाही. आतील प्लास्टिकच्या दर्जातही ९९६ निश्चितपणे उणी आहे. पैसा हाताशी असता तर मी ९९३ घेऊ नका असे म्हटले नसते. माझा आक्षेप फक्त कर्जाला आहे, कारण जुन्या गाडीला खरेदीनंतरही पैसा लागतोच, आणि हप्ते फेडणारा मालक नेमकी देखभालच पुढे ढकलतो.

राजारामपुरीतील अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी विचारते: हवेने थंड होणारे इंजिन इतके टिकाऊ होते, तर पोर्शेने ते सोडले का? केवळ खर्च वाचवण्यासाठी का?

उत्तर: खर्च हे एक कारण होते, पण ते मुख्य नव्हते. मुख्य अडचण सिलिंडरच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, होती.

९९३ च्या प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत, एक आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा. मिश्रण नीट आणि लवकर पेटावे म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिलेले आहेत, म्हणजे सहा सिलिंडरांना बारा. अधिक ताकद आणि स्वच्छ ज्वलन हवे असेल तर पुढची पायरी चार व्हॉल्व्हची, पण चार व्हॉल्व्ह बसवले की हेडमधली जागा भरून जाते, एक्झॉस्टच्या दोन मार्गांमधला धातू सर्वांत जास्त तापतो, आणि नेमक्या त्या ठिकाणी वारा पोचवता येत नाही. पंख्याची हवा हेडच्या बाहेरच्या, उष्णता टाकणाऱ्या पट्ट्यांवरून जाते, तर पाणी कास्टिंगमधल्या पोकळ वाटांतून थेट तापलेल्या भिंतीपर्यंत नेता येते. पोर्शेला हे आधीपासून माहीत होते. १९७८ च्या ९३५ या शर्यतीच्या गाडीत आणि पुढे १९८६ पासून विकल्या गेलेल्या ९५९ मध्ये कंपनीने चार व्हॉल्व्हची हेड पाण्याने आणि सिलिंडर हवेने थंड ठेवून मधला मार्ग काढला होता. ९९६ मध्ये तो मधला मार्ग सोडून संपूर्ण इंजिनच पाण्यावर आणले गेले.

दुसरे कारण आवाजाचे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला भोवताली पाण्याचे कवच नसते, पट्ट्या थरथरतात आणि पंखा सतत घोंघावतो. रस्त्यावरच्या आवाजाची युरोपातली मर्यादा जसजशी कडक होत गेली, तसतसे हे इंजिन त्या मर्यादेत बसवणे कठीण होत गेले. धुराच्या नियमांचेही तेच, कारण तापमान एका ठराविक पट्ट्यात राहिले तरच ज्वलन काटेकोर राखता येते.

तुमच्या शहरात फौंड्रीचे काम घराघरात समजते, म्हणून धातूविषयी थोडे अधिक लिहितो. ९९३ मध्ये सहा सिलिंडर स्वतंत्र आहेत. प्रत्येक सिलिंडर हा पट्ट्यांसह ओतलेला ॲल्युमिनियमचा वेगळा नळा असून त्याच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा निकासिल नावाचा अतिशय कठीण लेप चढवलेला असतो. एक सिलिंडर खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. ९९६ मध्ये मात्र तीन-तीन सिलिंडर एकाच ओतीव अर्ध्या भागात आहेत. तिथे लोकासिल नावाची पद्धत वापरली गेली: सिलिकॉनचा सच्छिद्र साचा आधी डायमध्ये ठेवायचा आणि दाबाने वितळलेले ॲल्युमिनियम त्यात शिरवायचे, म्हणजे फक्त बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) भिंतीपाशी सिलिकॉनचे कठीण कण राहतात आणि बाकीचा ब्लॉक स्वस्त मिश्रधातूचा राहतो. कल्पना हुशारीची आहे आणि उत्पादनात स्वस्त पडते, पण एक बोअर ओरखडला की अख्ख्या अर्ध्या भागाचे काम निघते. टिकाऊपणाच्या बाबतीत जुनी पद्धत श्रेष्ठ होती, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पाणी नसून ब्लॉक ओतण्याची निवडलेली पद्धत आहे. हे दोन मुद्दे लोक नेहमी एकत्र करतात, तुम्ही करू नका.

उद्यमनगरातील एक गॅरेजमालक विचारतात: ९९६ चे नाव काढले की "ते बेअरिंग" असे सगळे म्हणतात. नेमके काय बिघडते, आणि आपल्याकडच्या मेस्त्रीला ते काम झेपण्यासारखे आहे का?

उत्तर: आडव्या सहा सिलिंडरच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट फिरतो. क्रँककडून गती घेऊन ती चेनने दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना पोचवणे हे त्याचे काम. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हा शाफ्ट साध्या बेअरिंगच्या कवचात, दाबाने येणाऱ्या तेलावर फिरत असे आणि त्याची तक्रार जवळपास नसे. ९९६ मध्ये त्याचे एक टोक तसेच राहिले, पण फ्लायव्हीलकडच्या टोकाला ग्रीस भरून बंद केलेले गोळ्यांचे बेअरिंग आले, तसेच जे आपण शेतातल्या पंपाच्या मोटारीत बसवतो.

घोटाळा त्या बंद सीलमध्ये आहे. इंजिनाच्या उष्णतेने सील कडक होते आणि गरम तेल हळूहळू आत झिरपते. ते ग्रीस धुऊन टाकते, पण आत गेलेले तेल बाहेर पडत नाही आणि ताजे तेल आत येत नाही. असे काढलेले एक बेअरिंग मी हातात घेऊन पाहिले आहे: बाहेरून ते अगदी स्वच्छ दिसत होते, पण आतली कडी बोटाने फिरवताच खरखर जाणवली, आणि सील उचलल्यावर ग्रीसऐवजी काळपट, जळका वास असलेले पातळ तेल निघाले. या अवस्थेनंतर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, शाफ्ट डगमगू लागतो, चेन दात सोडते, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग इंजिन उरत नाही. अमेरिकेत याच बेअरिंगवरून ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता आणि तो तडजोडीने मिटला.

सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळी गोळ्यांचे बेअरिंग होते आणि ते अधिक टिकले. साधारण २००० पासून एका ओळीचे आले आणि बहुतेक तक्रारी त्याच्याच आहेत. तरीही बहुसंख्य गाड्यांत हे बेअरिंग कधीच मोडले नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. शिवाय वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नियमित लांब पल्ल्यावर चाललेल्या आणि वेळेवर तेल बदललेल्या गाडीत ते जास्त टिकते, असा यावर काम करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. म्हणून मीटरवरचा कमी आकडा पाहून या गाडीच्या बाबतीत हुरळून जाऊ नये.

काम तुमच्या मेस्त्रीला झेपण्यासारखे आहे. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवले की बेअरिंगचे झाकण समोर येते, इंजिन फोडावे लागत नाही. मात्र शाफ्ट मोकळा करण्यापूर्वी टायमिंग अचूक जागी बांधून ठेवणे आणि चेनचे ताणक सैल करणे यात हयगय झाली तर जोडणीनंतर पहिल्याच फेरीत नुकसान होते, त्यामुळे त्यासाठी लागणारी खास अवजारे मागवल्याशिवाय कामाला हात घालू नये. बेअरिंग बदलताना सिरॅमिक गोळ्यांचे आणि एका बाजूने उघडे असे घालतात, म्हणजे इंजिनातल्या तेलाचे तुषार त्याला मिळत राहतात. किंवा जुन्या पद्धतीप्रमाणे दाबाच्या तेलावर चालणारे साधे बेअरिंग बसवतात. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण तो दोषाच्या मुळाशी जातो. क्लच बदलायचा असेल तेव्हाच हे काम करून घ्यावे आणि त्याच वेळी क्रँकचे मागचे ऑइल सीलही नवे घालावे, कारण तेही या इंजिनात वारंवार पाझरते. अगदी शेवटच्या इंजिनांत मोठ्या आकाराचे बेअरिंग आहे, ते इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही आणि सहसा काढावेही लागत नाही.

दर तेलबदलाला फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर उलगडून पाहाव्यात. चमकणारा लोखंडी चुरा चुंबकाला चिकटला तर गाडी तिथेच थांबवावी. २००२ नंतरच्या ३.६ लिटरच्या, ३२० अश्वशक्तीच्या ९९६ मध्ये बेअरिंगइतकेच लक्ष बोअरच्या ओरखड्यांकडे द्यावे. एका बाजूच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी दुसरीपेक्षा जास्त काजळी, गरम झाल्यावर येणारी टकटक आणि तेलाचा वाढता खप ही त्याची लक्षणे आहेत, आणि प्लगच्या भोकातून लहान कॅमेरा घालून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी मागे पडते. ९९६ टर्बो आणि जीटी३ या अधिक ताकदीच्या गाड्यांत हे इंजिन नाहीच. त्यांत हान्स मेत्झगर यांच्या नावाने ओळखले जाणारे, जुन्या क्रँककेसच्या वंशातले आणि १९९८ मध्ये ले मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जीटी१ या गाडीशी नाते असलेले इंजिन आहे. त्यांना या बेअरिंगचा प्रश्न येत नाही.

९९३ लाही दोष आहेत, फक्त ते इंजिन एका क्षणात संपवणारे नाहीत. व्हॉल्व्हचे गाइड झिजतात आणि गाडी तेल पिऊ लागते. १९९६ नंतरच्या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणारी हेडमधली बारीक भोके काजळीने बुजतात आणि ती नीट साफ करायला हेड उतरवावी लागतात. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण ठिसूळ होऊन गळते. काचेच्या चौकटीखाली लागलेला गंज तर रंगाखाली दडून बसतो आणि त्याचे काम इंजिनापेक्षा किचकट ठरते. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या हातून ज्या वस्तीची परंपरा सुरू झाली, तिथल्या कारागिराला ९९३ अधिक जवळची वाटेल, कारण तिच्यातले बहुतेक दोष कान, हात आणि मापाची अवजारे यांनी सापडतात. ९९६ साठी संगणक जोडणारे निदानयंत्र लागतेच.

गडहिंग्लज येथील एक वाचक विचारतात: ९९६ च्या पुढच्या दिव्यांना एवढी नावे का ठेवतात?

उत्तर: गोल दिवा ही ९११ ची सुरुवातीपासूनची ओळख होती, आणि पिंकी लाय यांनी रेखाटलेल्या ९९६ मध्ये मुख्य दिवा, वळणाचा पिवळा दिवा आणि धुक्याचा दिवा एकाच कवचात आले. त्यामुळे कारखान्यात दिवा काही क्षणांत बसवता येऊ लागला, पण त्याचा आकार फुटलेल्या अंड्याच्या बलकासारखा दिसतो अशी टीका झाली, आणि तोच दिवा बॉक्स्टरलाही असल्यामुळे नाराजी वाढली. २००२ च्या सुधारित गाडीत टर्बोचे वेगळे दिवे आले. मला स्वतःला पहिले दिवे आवडतात. त्यांच्यामुळेच गाडीचा पुढचा भाग सलग आणि स्वच्छ दिसतो.

इचलकरंजीतील एक यंत्रमागधारक विचारतात: जर्मनीत चांगली ९९३ किंवा ९९६ मिळाली तर ती कोल्हापुरात आणून एमएच-०९ क्रमांकावर नोंदवता येईल का?

उत्तर: नाही. जुन्या मोटारी आयात करण्याचा आपल्याकडचा नियम असा आहे की गाडी बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे. जर्मनीतली गाडी दोन्ही अटींत बसत नाही, आणि इंग्लंडमधून उजव्या स्टिअरिंगची आणायची म्हटले तरी वयाची अट आडवी येतेच. पर्यटनासाठी कारनेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या सीमाशुल्क परवान्यावर, गाडी तात्पुरती आणता येते, पण ती मुदतीत परत न्यावी लागते. तो मालकीचा मार्ग नाही.

म्हणून भारतात आधीच नोंदणी झालेली गाडी शोधणे एवढाच मार्ग उरतो. पोर्शेने भारतात अधिकृत विक्री २००४ मध्ये सुरू केली, तेव्हा ९९६ ची कारकीर्द संपत आली होती. त्यामुळे येथे ९९६ मोजक्या आणि ९९३ त्याहूनही विरळ आहेत. अशी गाडी दुसऱ्या राज्यातून घेताना ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठीची योग्यता तपासणी या तिन्ही गोष्टी व्यवहारापूर्वी परिवहन कार्यालयात स्वतः विचारून घ्याव्यात. मूळ आयातीची सीमाशुल्काची कागदपत्रे नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

इंधनाविषयीही एक सूचना आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि आपल्या भागातील साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना त्याचा लाभ आहे. मात्र या दोन्ही गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी घेतल्याबरोबर इंधनाच्या सर्व रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीची घालावीत, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत तेच पेट्रोल साठवून ठेवू नये. ९९६ चे रेडिएटर पुढच्या चाकांच्या अलीकडे, बंपरमागे दोन्ही बाजूंना आहेत. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पालापाचोळा साचून ओला राहतो आणि तिथूनच गळती सुरू होते, तेव्हा आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटातून पावसाळी फेरी मारून आल्यावर बंपर काढून तो भाग साफ करावा.

जुनी जर्मन मोटार सांभाळण्याची रीत या शहराला नवी नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक दर दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा ती पाहणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात येते की पिढ्यान्पिढ्या निगुतीने राखलेली गाडी किती तेजाने उभी असते.

ताराबाई पार्क येथील एक वाचक भगिनी विचारतात: पुढील महिन्यात मी भावाकडे जर्मनीला जाणार आहे. तिथल्या एका परिचितांकडे ९९३ आणि ९९६ दोन्ही आहेत आणि ते मला थोडे चालवायला देणार आहेत. कशाकडे लक्ष देऊ म्हणजे फरक नीट कळेल?

उत्तर: ही संधी फार थोड्या लोकांना मिळते. इंजिन थंड असताना पोचा आणि ९९३ सुरू होताना मागे उभ्या राहा. पंख्याचा आवाज, पट्ट्यांची किणकिण आणि एक्झॉस्टचा कोरडा घोगरेपणा हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येतील. ९९६ मध्ये तो आवाज एकजीव आणि गुळगुळीत झालेला आहे, आणि त्याचा खरा रंग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारांच्या पुढे गेल्यावरच उलगडतो.

बसल्यावर समोरची काच पाहा. ९९३ ची काच उभी आणि जवळ आहे, खांब बारीक आहेत, आणि दोन्ही पुढचे मडगार्ड डोळ्यांसमोर उंच दिसतात, त्यामुळे अरुंद रस्त्यावर गाडी नेमकी कुठे आहे हे लगेच कळते. तिची पेडल जमिनीतून वर आलेली आहेत. सवय नसल्यास क्लचवर पाय तिरका पडतो, तेव्हा निघण्यापूर्वी गाडी बंद ठेवून काही वेळा दाबून पाहा. ९९६ मध्ये पेडल नेहमीच्या गाडीसारखी वरून लोंबती आहेत, काच बरीच कललेली आहे आणि पाय-खांद्यांना जागा जास्त आहे. पाच गोल मापके दोन्हींत आहेत, पण ९९३ मध्ये ती सुटी असून ९९६ मध्ये एकमेकांवर चढलेली दिसतील.

वळणात ९९३ चे स्टिअरिंग हातात सतत बारीक हलत राहते. रस्त्यावरचा खडा, सांधा, ओल सारे तळहाताला कळते, आणि वळणात पुढचा भाग थोडा हलका वाटतो, कारण इंजिनाचे वजन मागच्या चाकांच्याही मागे आहे. ९९६ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ७८ मिलिमीटरने वाढवलेले आहे, म्हणून ती त्याच वळणात अधिक शांत आणि वेगवान जाते, आणि घाबरवत नाही. १९९९ पर्यंतच्या मागील चाकांवर चालणाऱ्या ९९६ मध्ये ॲक्सिलरेटर तारेने जोडलेला आहे, नंतर तो विद्युत झाला. त्यांच्याकडची गाडी त्या आधीची असेल तर पायाला मिळणारा प्रतिसाद ९९३ च्या फार जवळचा लागेल. ओल्या रस्त्यावर मात्र दोन्ही गाड्यांत वळणाच्या मध्यावर पाय एकदम उचलू नका.

वेळ मिळाला तर त्सुफेनहाउझन येथील पोर्शे संग्रहालय आधी पाहून घ्या, कारण तिथे १९६३ पासूनच्या पिढ्या शेजारी-शेजारी पाहून गेल्यावर या दोन गाड्यांतले नाते अधिक कळते. चालवताना क्रम ९९३ आधी आणि ९९६ नंतर असा ठेवा. उलट क्रमाने गेल्यास ९९६ च्या सुलभतेनंतर ९९३ उगाच जड आणि गोंगाटाची वाटते, आणि तिच्या स्टिअरिंगचे बोलणे ऐकायला जो निवांतपणा लागतो तो पहिल्या फेरीतच मिळतो.